फझसाठी (गिटारचा आवाज खरखरीत करणारं पेडल) ट्रान्झिस्टर मिळत नाहीये? आधी हे वाच
अरे एसी१२८ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्याच मागे कशाला लागतोस, जर्मेनियम आता जुन्या स्टॉकमधलेच मिळतात आणि लीकेजमुळे (आतून झिरपणाऱ्या करंटमुळे) मल्टिमीटर गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा, वाढवून दाखवतो, म्हणजे १२० वाचून खूश होशील आणि खरा निघेल ७०. पहिल्या पेडलला सिलिकॉनच घे. सिलिकॉन सर्किटमधल्या बीसी१०८ च्या जागी बीसी५४७ किंवा टूएन३९०४ आरामात चालतो, फक्त पाय बघ! सपाट बाजू आपल्याकडे धरली की दोघांचे कलेक्टर-एमिटर (कडेचे दोन पाय) एकमेकांच्या उलट असतात, मी इथेच एक अख्खी संध्याकाळ घालवलीये. जर्मेनियमचं सर्किट बहुतेक पीएनपी असतं, त्यात एनपीएन (उलट पोलॅरिटीचा प्रकार, वरचे सिलिकॉनवाले हेच) टाकणार असशील तर बॅटरी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दोन्ही उलटे लाव. सॉकेट लाव, थेट सोल्डर नको. मग दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साधारण साडेचार व्होल्ट येईपर्यंत त्याचा रेझिस्टर बदलत रहा, शेवटी कानाला बरं वाटेल ते ठेव