वेल्स खरंच इतकं सुंदर आहे का? आहे, पण शिखराच्या तिकिटावर सहल उभी करू नका

गेल्या वर्षी ए-४७० रस्त्याने तुम्ही वेल्स उभं पार केलं आणि पाऊस व बोडके डोंगर सोडून हाती काही लागलं नाही. आता ऑगस्टमध्ये पुण्याहून आई-बाबा येतायत, तर बर्मिंगहॅमहून निघून तीन दिवसांत उत्तरेचा स्नोडन डोंगर, दक्षिणेचे ब्रेकन बीकन्स डोंगर आणि पेम्ब्रोकशरचा किनारा करायचा, स्नोडनच्या शिखरावर जाणाऱ्या रेल्वेची तिकिटं आजच काढायची, असा बेत आहे. सह्याद्री कोळून प्यालेल्या माणसांना हे दाखवण्यात अर्थ आहे का, हा तुमचा प्रश्न. अर्थ नक्की आहे, फक्त हा बेत मोडा.

आधी बोडक्या डोंगरांबद्दल, कारण बहुतेकांची निराशा तिथूनच सुरू होते. ते मुळात तसे नव्हते. शेकडो वर्षं झाडं तुटली आणि नंतर मेंढ्यांनी रोपटं वर येऊच दिलं नाही. मधूनमधून दिसणारे एकसुरी गडद हिरवे पट्टे म्हणजे लाकडासाठी लावलेली सूचीपर्णी झाडं. मध्य वेल्समधून नुसती गाडी हाकली तर हेच दिसत राहतं. तेवढ्यावरून वेल्सबद्दल मत बनवणं म्हणजे एक्सप्रेसवेवरून मावळाबद्दल मत बनवण्यासारखं आहे.

दुसरं म्हणजे उंचीची तुलना करू नका. स्नोडन, म्हणजे वेल्श नावाने अर विद्वा, १०८५ मीटर; आपलं कळसूबाई १६४६. आई-बाबांना तुम्ही ‘इथला सगळ्यात उंच डोंगर’ म्हणून दाखवाल तर ते मान डोलावतील आणि विसरून जातील. दाखवायचं आहे ते वेगळंच. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आणि पाण्याने कापलेला. तिथे कडे आणि घळी दिसतात. एररीचे (स्नोडोनियाचं वेल्श नाव) डोंगर हिमनद्यांनी खरवडलेत. म्हणून दऱ्या तळाशी रुंद, बाजूंनी उभ्या, आणि डोंगराच्या कुशीत अर्धगोल खळगा व त्यात तळं. त्या खळग्याला वेल्श शब्द ‘कुम’. ही रचना महाराष्ट्रात कुठेच नाही.

आता मुख्य चूक, जिची किंमत मी स्वतः मोजली आहे: शिखराचं तिकीट आधी काढायचं आणि बाकी सगळी सहल त्याभोवती बांधायची. ज्या प्रवास कंपनीने ते विकलं तिचं नाव घेत नाही. ढगांबद्दल चकार शब्द नव्हता, आणि नंतर विचारलं तर ‘अटी वाचल्या नाहीत का’ एवढंच उत्तर. अशी माहिती न देता पैसे घेणं मला आजही पटत नाही.

कारण साधं आहे. आयरिश समुद्रावरून आलेली दमट हवा या डोंगरांवर आपटून वर चढते, थंड होते आणि माथ्यावरच ढग धरतो. स्नोडनशेजारच्या क्रिब गॉख या धारेवर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्याकडे महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत उरकतो. इथे बारा महिने विभागलेला. स्नोडनच्या पायथ्याच्या लानबेरिस गावाहून निघणारी छोटी रेल्वेगाडी तासाभराने वर पोचते, वर जेमतेम अर्धा तास मिळतो आणि त्याच गाडीने परत यावं लागतं. तो अर्धा तास ढगात गेला की संपलं. वारा फार असला तर गाडी माथ्यापर्यंत जातच नाही, खाली क्लॉग्विन स्थानकालाच थांबते. तिकीट काढायचंच असेल तर परताव्याच्या अटी आधी वाचा, आणि आदल्या संध्याकाळी डोंगरांसाठीचा वेगळा हवामान अंदाज बघा. गावाचा अंदाज इथे उपयोगाचा नाही. डोंगराच्या अंदाजात माथा ढगमुक्त असण्याची शक्यता टक्क्यांत दिलेली असते. ती चाळीसच्या खाली असेल तर मी वर जाणार नाही.

त्याऐवजी सगळ्या रात्री एकाच ठिकाणी मुक्काम करा. बेटुस-अ-कोइड किंवा लानबेरिस चालेल. ब्रेकन आणि पेम्ब्रोकशर या वेळी सोडून द्या. एररीहून पेम्ब्रोकशर गाडीने चारेक तास आहे आणि तिथल्या २९९ किलोमीटरच्या किनारवाटेला स्वतंत्र सहल हवी. पफिन पक्ष्यांसाठी म्हणून जायचं असेल तर ऑगस्ट चुकीचाच, जुलैअखेर ते समुद्रात निघून जातात.

पहिली सकाळ कुम इड्वालसाठी, म्हणजे अशाच एका तळ्याच्या खळग्यासाठी, ठेवा. ए-५ रस्त्यावर ऑगवेनला गाडी लावायची, दगडांच्या बांधीव वाटेने अर्धा तास, चढ जेमतेम ऐंशी मीटर. (आईंच्या गुडघ्यांबद्दल लिहिलंय म्हणून सांगतो: वाट सोपी आहे पण दगड ओले असतात, काठी द्या. बाकी डॉक्टरांनाच विचारा.) तळ्याकाठी पोचल्यावर खाली वाकून खडक बघा. पाठ घासून गुळगुळीत झालेली आणि तिच्यावर एकाच दिशेने गेलेले ओरखडे. बर्फात अडकलेल्या दगडांनी ते ओढलेत, बोट फिरवलं तर कळतात. डार्विन १८३१ साली इथे आला होता आणि जीवाश्म शोधण्याच्या नादात त्याला हे ओरखडे दिसलेच नाहीत. १८४२ साली परत आला तेव्हा सगळं लख्ख दिसलं. आई-बाबांना ही गोष्ट तिथे उभं राहून सांगा. आणि तिथल्या उतारांकडे बघा: मेंढ्यांची चराई थांबवल्यापासून हेदर हे खुरटं फुलझुडूप परत आलंय, ऑगस्टमध्ये ते जांभळं असतं.

माथ्याचं दर्शन हवंच असेल तर कॅपेल कूरिगच्या तळ्यांवर, लिनाय मिम्बरला, सकाळी सातच्या आत जा. वारा पडलेला असेल तर अर विद्वाच्या शिखरांची नालेच्या आकाराची अख्खी रांग पाण्यात उतरते. वरून दिसतं त्यापेक्षा हे दृश्य मला सरस वाटतं. मतभेद असू शकतो.

डोंगर ढगात गेले तर समुद्राकडे पळा. जवळच्या अँगलसी बेटावर बऱ्याचदा ऊन असतं. किंवा बारमथला जा: मॉधाख नदीच्या मुखावर १८६७ सालचा लाकडी रेल्वेपूल आहे, त्यावरून पायी चालता येतं, चढ अजिबात नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा. ओहोटीला सोनेरी वाळूत पाण्याच्या दोऱ्या उरतात, भरतीला दोन्ही काठ डोंगरांपर्यंत भरून येतात. पाणी चढत असताना दीड-दोन तास तिथे थांबा.

मुसळधार असेल तर ब्लाइनाय फेस्टिनिओग हे स्लेटच्या (पाटीच्या दगडाच्या) खाणींचं गाव. तिथले दगडाचे काळे ढीग १९५१ साली एररीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून मुद्दाम वगळले होते, नकाशात उद्यानाच्या मधोमध भोक दिसतं. तोच स्लेटचा प्रदेश २०२१ साली जागतिक वारसा झाला. ओली पाटी निळसर-करडी चमकते, म्हणून पावसातच बघावी.

गाडीचं थोडं: स्नोडनच्या पायवाटा जिथून सुरू होतात त्या पेन-अ-पास खिंडीतल्या वाहनतळाला हंगामात आधी बुकिंग लागतं, नसेल तर खालच्या नांट पेरिस गावात गाडी ठेवून बस घ्या. रस्त्याकडेला लावलेल्या गाड्या उचलून नेतात. वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर सप्टेंबर २०२३ पासून ताशी २० मैलांची मर्यादा आहे, त्यामुळे नकाशाने सांगितलेल्या वेळेत थोडी भर घाला. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून घ्या. शाकाहारी जेवण संध्याकाळी उशिरा मिळेलच असं नाही. दशम्या-चटणी बरोबर असू द्या. आणि भाडी, वेळा दरवर्षी बदलतात, निघायच्या आठवड्यात एकदा पुन्हा तपासा.