तुमचे प्रश्न : कपातीच्या पत्रावर सही करायची का?

(नोकरी, पगार आणि करार यांविषयी वाचकांच्या पत्रांना उत्तरं)

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी अहमदपूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. मुलगा एका मालवाहू विमान कंपनीत को-पायलट आहे. रात्री पार्सलं घेऊन उडतो, पहाटे उतरतो. त्याच्या प्रशिक्षणापायी रस्त्याकडची जमीन विकली, वर बँकेचं कर्ज आहे. आता कंपनीचा मेल आलाय. धंदा मंदावला म्हणून मूळ पगारात १५ टक्के 'ऐच्छिक' कपात, आणि महिन्याचे हमीचे तास ७० वरून ५०. आठ दिवसांत संमती द्या, उत्तर आलं नाही तर संमती धरली जाईल, असं लिहिलंय. विश्रांतीच्या वेळात 'लवचिकता' ठेवण्याचीही एक ओळ आहे. पायलटांच्या ग्रुपवर रोज भांडणं चालू आहेत. कॅप्टन मंडळी म्हणतात, सही करा, कंपनी टिकली तर आपण टिकू. धाकटे म्हणतात, मरण आमचंच आहे. कुणी अमेरिकेतल्या कार्गो पायलटांचे दाखले टाकतं. लेकरू मला विचारतंय, आणि मला यातलं काही उमगत नाही. सही करावी का?
— एक वडील, जि. लातूर (नाव छापू नये ही विनंती)

उत्तर : गुरुजी, त्याला एकट्याने सही करू देऊ नका. पण गप्पही बसू देऊ नका, कारण त्या पत्रात गप्प बसणं म्हणजेच सही.

आधी हिशोब बघू. पायलटचा पगार साधारण दोन भागांत असतो : मूळ पगार आणि तासावर मिळणारा उड्डाणभत्ता. हमीचे तास म्हणजे विमान जागेवर उभं राहिलं तरी तेवढ्या तासांचा भत्ता मिळणारच. ७० चे ५० झाले, तर भत्त्याची हमी साडेअठ्ठावीस टक्क्यांनी उतरली. पत्रात ठळक अक्षरात १५ आहे आणि मोठी कपात तासांच्या ओळीत आहे. शिवाय मूळ पगार कमी झाला की भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीही त्याच मापाने खाली येतात. मुलाला मागच्या सहा महिन्यांच्या पगारपत्रकांवर ही आकडेमोड करायला सांगा. हातात नेमकं किती येणार हे कळल्याशिवाय बोलणीत काय मागायचं तेच ठरत नाही.

आता कॅप्टन आणि को-पायलट यांचं भांडण. दोघंही आपापल्या जागी खरं बोलताहेत, असं मला मनापासून वाटतं. पायलटला व्यावसायिक उड्डाण पासष्टीपर्यंतच करता येतं. अठ्ठावन्न वर्षांच्या कॅप्टनसमोर सात वर्षं उरली आहेत. कंपनी बुडाली तर त्या वयात दुसरीकडे मुलाखती देत फिरणं त्याला नको आहे, आणि सात वर्षांपुरता पगार थोडा खाली आला तरी त्याचं भागेल. तुमच्या मुलापुढे पस्तीस वर्षं आहेत. आज मूळ पगार खाली बसला, तर पुढची प्रत्येक वाढ त्या खालच्या आकड्यावर मोजली जाणार. त्यात आपल्याकडे कॅप्टन कमी आणि को-पायलट जास्त. उड्डाणं घटली की तेवढ्याच फेऱ्या जास्त को-पायलटांत वाटल्या जातात. कॅप्टनचे तास हमीच्या वर जातील, धाकट्यांचे हमीवरच अडकतील. म्हणजे हमी उतरवण्याचा खरा भार धाकट्यांवर पडतो.

या दोघांना एकत्र आणणारी एकच गोष्ट आहे : मुदत. कपात कोणत्या तारखेला संपणार आणि पगार कोणत्या तारखेला जुन्या आकड्यावर येणार, हे करारात आलं की कॅप्टनला कंपनी वाचवल्याचं समाधान मिळतं आणि तुमच्या मुलाला त्याचा पाया परत मिळतो.

अमेरिकेचे दाखले ग्रुपवर अर्धेमुर्धे फिरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. युपीएस ही तिथली मोठी पार्सल कंपनी, स्वतःची विमानं, स्वतःचे पायलट. २००९ च्या मंदीत धाकट्या सहकाऱ्यांची नोकरी वाचावी म्हणून तिथल्या पायलट संघटनेने कंपनीशी बचतीचा करार केला. लोकांनी आपणहून बिनपगारी रजा घेतल्या, कमी तास घेतले. तरी फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीने किमान ३०० पायलटांना कमी करण्याची घोषणा केली. त्याग खरा होता, मनापासून केलेला होता. पण नोकरीची हमी काही काळापुरतीच होती आणि तो काळ धंदा सावरण्याआधीच संपला. प्रवासी विमानांतलं उदाहरण अमेरिकन एअरलाइन्सचं. २००३ च्या एप्रिलमध्ये पायलट, हवाई सेवक आणि मेकॅनिक यांच्या संघटनांनी मिळून वर्षाला १.६२ अब्ज डॉलरच्या सवलती दिल्या. मतदान उरकतंय तोच बातमी फुटली की वरच्या अधिकाऱ्यांना टिकवून ठेवण्यासाठी बोनस आणि त्यांच्या पेन्शनसाठी वेगळा निधी आधीच बाजूला काढलेला आहे. एवढा संताप उसळला की त्याच महिन्यात मुख्याधिकारी डॉन कार्टी यांना पायउतार व्हावं लागलं. आपल्याकडे इंडिगोने मार्च २०२० मध्ये जाहीर केलेली कपात निदान पायऱ्यांची तरी होती : मुख्याधिकाऱ्याची २५ टक्के, पायलटांची १५, आणि सर्वांत खालच्या दोन श्रेणींची काहीच नाही. तुमच्या मुलाच्या पत्रात संचालकांची कपात किती, ही ओळ आहे का? नसेल तर तो पहिला प्रश्न.

एक फरकही लक्षात घ्यावा. अमेरिकेत विमान कंपन्यांना १९२६ चा रेल्वे कामगार कायदा लागू आहे, १९३६ पासून. त्यात करार मुदतीनंतर मरत नाही, नवा होईपर्यंत जुनाच चालतो. त्यामुळे तिथले पायलट 'नाही' म्हणून थांबू शकतात. जुलै २०२३ मध्ये फेडएक्स या तिथल्या दुसऱ्या मोठ्या पार्सल कंपनीच्या पायलटांनी संघटनेने आणलेला नव्या कराराचा मसुदा ५७ टक्के मतांनी फेटाळला. त्याने त्यांचा जुना पगार गेला नाही. तुमच्या मुलामागे असा सामूहिक करारच नसेल, तर फक्त नेमणूकपत्र आहे. म्हणून तर एकेकट्याला मेल आलाय.

मुदत कशी लिहून घ्यायची, हे मी वाळूजमध्ये पाहिलेलं आहे. मी ज्या कारखान्याच्या युनियन कमिटीत होतो, तिथे मंदीच्या साली व्यवस्थापनाने महागाई भत्ता गोठवण्याचा मसुदा पुढे ठेवला. शेवटची ओळ होती, 'परिस्थिती सुधारल्यावर पुनर्विचार करण्यात येईल.' आमचे अध्यक्ष पैठणकडचे, सातवी शिकलेले. त्यांनी कागद स्वतःकडे ओढला, 'परिस्थिती सुधारल्यावर' हे शब्द बॉलपेनने खोडले, वर 'पुढील १ एप्रिलपासून' लिहिलं, 'पुनर्विचार' खोडून 'पूर्ववत' केलं, समासात छोटी सही ठोकली आणि कागद परत सरकवला. बोलले एवढंच : "साहेब, परिस्थिती सुधारली का नाही ते कोण ठरवणार?" पर्सोनेल मॅनेजरने पेनाचं टोपण लावलं आणि हेड ऑफिसला विचारतो म्हणाले. बैठका लांबल्या, कँटीनमध्ये आमच्याच लोकांनी कमिटीला शिव्या घातल्या, पण अखेर ती तारीख करारात राहिली. एप्रिलच्या पगारात भत्ता कुणाला न विचारता परत सुरू झाला होता.

आता कायदा. पायलट हा कायद्याने 'कामगार' ठरतो का, यावर कोर्टात वाद झालेले आहेत. त्याचं काम तांत्रिक की पर्यवेक्षी, यावर ते फिरतात. को-पायलटची बाजू कॅप्टनपेक्षा भक्कम, कारण त्याच्या हाताखाली कुणी नसतं. तो कामगार ठरला, तर पगार आणि भत्त्यात त्याच्या तोट्याचा बदल करण्याआधी कंपनीला २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये हे होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. आठ दिवसांत 'ऐच्छिक' संमती मागण्याचं कारण इथे असू शकतं : माणसाने स्वतःच होकार दिला की नोटिशीचा मुद्दाच उरत नाही.

'कपात नाही, पगार पुढे ढकलू' असा पर्याय कंपनी देईल. त्याला लगेच भुलू नका. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली, तेव्हा पायलटांचे काही महिन्यांचे पगार थकलेले होते. कंपनी दिवाळखोरीत गेली की २०१६ च्या कायद्याप्रमाणे कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारणवाल्या बँकांच्या बरोबरीने उभी राहते. इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची, तीही त्यांच्या मागे. पुढे ढकललेला पगार म्हणजे मुलाने कंपनीला बिनतारण दिलेलं उसनं. द्यायचं असेल तर हप्ते आणि तारखा लिहून घेऊन.

विश्रांतीची ओळ मात्र सरळ कापायला लावा. विश्रांतीचे तास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांतून येतात, त्यावर सौदा होत नाही. अमेरिकेत २०१४ पासून लागू झालेल्या कडक विश्रांती नियमांतून मालवाहू पायलटांना वगळलं गेलं, आणि तिथल्या संघटना त्यावर आजही चिडून आहेत. ऑगस्ट २०१३ मध्ये तिथल्याच बर्मिंगहॅमला पहाटे उतरताना युपीएसचं विमान कोसळून दोन्ही पायलट गेले. चौकशीत थकव्याचा मुद्दा आला. खोक्यांना झोप लागत नाही, माणसाला लागते. पगार एक वेळ कमी घेता येईल, झोप नाही.

तर मुलाने काय करावं? मुदत संपायच्या आत मेलला उत्तर द्यावं : मला हा बदल मान्य नाही आणि माझं मौन संमती धरू नये, सर्व पायलटांच्या प्रतिनिधींशी चर्चा करावी, चर्चेआधी गेल्या दोन वर्षांचे ताळेबंद, संचालकांच्या मानधनातली कपात आणि पगार पूर्ववत होण्याची तारीख कळवावी. भाषा नम्र ठेवावी. हे उत्तर जितके पायलट एकाच मजकुराने पाठवतील तितकं वजन. कॅप्टन मंडळींपैकी एखादा समंजस माणूस गाठून, कमी पगाराला कमी टक्का आणि हमीच्या तासांना हात नाही, एवढ्यावर एकमत होतं का बघावं. ताळेबंदात खरंच तोटा दिसला, तर मुदतीची कपात मान्य करायला माझी हरकत नाही. विमानांचं भाडं दर महिन्याला भरावंच लागतं, ते कुणाच्या म्हणण्याने थांबत नाही.

आणि राजीनाम्याची घाई नको. २०१७ च्या नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची पूर्वसूचना द्यावी लागते.

प्रश्न : मी नांदेडचा. कमर्शियल पायलटचा परवाना झालाय. एक कार्गो कंपनी विमानाच्या खास प्रशिक्षणाचा खर्च करते म्हणते, पण काही वर्षांचा बाँड आहे. घ्यावा का?

उत्तर : भावा, ऊसतोडीची उचल तुला माहीत असेल. मुकादमाकडून हंगामाआधी पैसे घेतले की हंगामभर दर कुणी ठरवायचा हे तोडणाऱ्याच्या हातात राहत नाही. बाँडमध्ये तेच होऊ नये म्हणून तीन गोष्टी बघ. सोडून गेल्यास भरायची रक्कम दर महिन्याला घटत जाते का, की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच राहते. प्रशिक्षणाच्या खर्चाच्या पावत्या दाखवणार का. आणि कंपनीने स्वतःहून पगार किंवा हमीचे तास कमी केले, तर तू बाँडमधून मोकळा होतोस असं कलम आहे का. तिसरं कलम नव्या मुलांना कुणी आपणहून देत नाही, मागावं लागतं. वरचं पत्र वाचलंस तर ते का मागायचं हे कळेल. मसुद्याची प्रत घरी आणून वकिलाला दाखव. 'ऑफिसमध्येच वाचा आणि सही करा' म्हणाले तर त्या दिवशी सही करू नकोस.