बिऱ्हाड पाठीवर, मुक्काम किनाऱ्यावर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: डायव्हिंगच्या गावात तीन महिने मुक्काम आहे. पहिल्याच आठवड्यात उजवा कान ठणकायला लागला. पाण्यात उतरताना काही होत नाही, पण रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. कोणते थेंब टाकू?

आधी दुखणं कुठलं ते ओळखा. कानाची पाळी हलकेच ओढा, भोकासमोरचा छोटा उंचवटा दाबा. कळ आली तर बाहेरच्या नळीत संसर्ग झालाय. तुमच्या वर्णनावरून हाच वाटतो. याउलट खाली उतरतानाच कान दुखला, नंतर भरल्यासारखा वाटला आणि पाळी ओढून काहीच जाणवलं नाही, तर तो दाबाचा मार. असा कान पूर्ण मोकळा होईपर्यंत पाण्यात जायचं नाही.

रोजच्या भिजण्याने नळीची कातडी फुगते, मळाचा आम्लधर्मी थर धुऊन जातो आणि दमट हवेत कान नीट वाळतच नाही. त्यात कापसाची काडी फिरवली की कातडी सोलवटते आणि जंतूंना दार उघडं मिळतं. काड्या सामानातून काढूनच टाका.

व्हिनेगर-अल्कोहोलचे घरगुती थेंब संसर्ग टाळण्यासाठी असतात, झालेला बरा करण्यासाठी नाही. ठणकत्या कानात ते घालू नका. पडद्याला भोक असेल तर आत इजा होईल. डॉक्टरांकडून कान तपासून घ्या. ते देतील त्या थेंबांचा कोर्स पुरा होईपर्यंत पाणी बंद. दोन दिवसांत बरं वाटतं, माणूस पुन्हा पाण्यात जातो आणि दुखणं महिनाभर रेंगाळतं.

कान बरा झाल्यावर पांढरं व्हिनेगर आणि रबिंग अल्कोहोल समसमान मिसळून छोट्या बाटलीत ठेवा. दिवसाची शेवटची डायव्ह झाली की कान गोड्या पाण्याने धुवा, डोकं कलतं करून चार-पाच थेंब घाला आणि पाच मिनिटं तसेच पडून राहा. मग दुसरा कान. घड्याळ लावा, कारण अर्ध्या मिनिटात उठून बसलं तर उपयोग होत नाही.

चक्कर, कानात सतत गुणगुण किंवा अचानक कमी ऐकू येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा.

प्रश्न: रोज दोन डायव्ह, संध्याकाळी बिअर, सुट्टीला मोटरसायकल घेऊन डोंगरात. इथे सगळे असंच राहतात. यात धोका कुठे?

क्रमात. डायव्हिंग करताना शरीरात नायट्रोजन साठतो आणि तो सावकाश बाहेर पडतो. त्याआधी उंचावर गेलात तर बाहेरचा दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून विमानाआधी एकाच साध्या डायव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डायव्ह किंवा सलग अनेक दिवस झाले असतील तर किमान 18 तास थांबायचं असतं. तुम्ही दुसऱ्या गटात मोडता. टप्प्याटप्प्याने वर यावं लागणारी डीकॉम्प्रेशन डायव्ह असेल तर 18 पेक्षा बरंच जास्त. पूर्ण दिवस सोडलेला बरा.

विमानाचा नियम सगळ्यांना पाठ असतो, घाटाचा कुणालाच आठवत नाही. 600 मीटरच्या वर जाणारा रस्ता असेल तर तोच हिशेब लावा. सुट्टीच्या दिवशी सकाळी पाणी आणि दुपारी डोंगर ही जोडी नको.

बिअर डायव्हनंतरच, आणि तीही भरपूर पाणी पिऊन झाल्यावर. आदल्या रात्री जास्त झाली असेल तर सकाळची बोट सोडा; पैसे बुडतात, बुडू द्या. डायव्हनंतर लगेच जोरकस मालिशही टाळलेलीच बरी, कारण नंतर खांदा दुखला तर मालिशमुळे की बुडबुड्यांमुळे, हे कुणालाच सांगता येत नाही. सांधेदुखी, मुंग्या, अंगावर चट्टे, न समजणारा थकवा दिसला तर शुद्ध ऑक्सिजन आणि डॉक्टर. पुन्हा खाली जाऊन 'ठीक करण्याचा' सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आठवड्यातला एक दिवस पूर्ण कोरडा ठेवा. कान, कातडी आणि वेटसूट, तिघांनाही तो लागतो.

प्रश्न: वेटसूटला वास येतो आणि मास्क सारखा धुरकटतो.

मास्क नवा असेल तर कारखान्यातला पातळ थर काचेवर असतो. जेल नसलेली साधी टूथपेस्ट आतून बोटाने घासा, धुवा, पुन्हा घासा. तीन-चार वेळा तरी. काचेवर आधीच धुकं-प्रतिबंधक लेप असेल तर मात्र घासू नका. रोजच्यासाठी पाण्यात पातळ केलेल्या बेबी शाम्पूचा थेंब पुरतो.

वेटसूटचा वास बहुतेकदा कशाचा असतो, ते प्रत्येक डायव्हरला मनातून माहीत असतं. गोड्या पाण्यात भिजवून उलटा करा आणि जाड हँगरवर सावलीत वाळवा. उन्हात त्याचं निओप्रीन रबर कडक होऊन चिरतं. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं साधन) स्वतःचा असेल तर त्याच्या फर्स्ट स्टेजची, म्हणजे टाकीला जोडायच्या भागाची, टोपी पुसून घट्ट लावल्याशिवाय पाण्यात बुडवू नका आणि हवेचा दाब नसताना पाण्यात पर्ज बटण (तोंडाकडच्या भागावरचं हवा सोडायचं बटण) दाबू नका. दोन्ही चुकांनी पाणी आत शिरतं आणि सर्व्हिसिंगचा खर्च येतो.

प्रश्न: प्रवाळाचं खरचटणं पंधरा दिवस झाले तरी भरत नाही.

आत कण राहिलेत आणि जखम रोज भिजतेय. डॉक्टरांकडून साफ करून घ्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा आणि कोरडी खपली धरेपर्यंत पाण्याबाहेर राहा. पुढच्या वेळी खरचटल्या क्षणी साबण आणि स्वच्छ पाण्याने घासून धुवा. दुखेल, पण तेच गरजेचं असतं.

प्रश्न: एका डायव्ह सेंटरने 'काम करा, डाइव्हमास्टर (पाहुण्यांना पाण्याखाली नेणाऱ्या मार्गदर्शकाचा कोर्स) फुकट' असं सांगितलंय. घेऊ का?

आधी लेखी विचारा: पुस्तकं, संस्थेची फी, विमा आणि सामानाचं भाडं यातलं 'फुकट'मध्ये काय काय येतं? आणि आठवड्यात कामाचे तास किती? पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या कोर्ससाठी वय 18, रेस्क्यू डायव्हरचं प्रमाणपत्र आणि सुरुवातीला 40 डायव्ह लागतात. प्रमाणपत्र मिळेपर्यंत 60 व्हाव्या लागतात. पोहण्याच्या परीक्षाही असतात, त्यात 400 मीटर विनासाधन पोहणं आलं. टाक्या उचलण्यातच दिवस जात असतील तर 60 व्हायला फार वेळ लागेल. पर्यटक व्हिसावर असं काम चालतं का, हे सेंटरला नाही, त्या देशाच्या इमिग्रेशन कार्यालयाला विचारा. आणि प्रमाणपत्राआधी पाहुण्यांना एकट्याने खाली न्यायला सांगितलं तर तिथून निघा.