पीआरमध्ये (जनसंपर्काच्या कामात) निष्ठा कोणाशी, मालकाशी की खऱ्याशी?

"साहेब सांगतात ते खोटं आहे हे माहीत असताना प्रेसनोटमध्ये पाठवायचं का?" असं तुम्ही विचारलंय. नाही पाठवायचं. पण भांडूनही नाही.

आमच्या सोलापुरात माझ्या एका क्लायंटने पानिपतचा माल 'अस्सल सोलापुरी चादर' म्हणून छापून आणायला सांगितलं होतं. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव दुसरीकडच्या मालाला लावता येत नाही; त्याच्या १९९९ च्या कायद्यात खोट्या वापराला तुरुंगवासही आहे. मी नैतिकतेवर भाषण दिलं नाही (ते कोणी ऐकत नाही), एवढंच म्हणालो, "शेठ, उद्या एखाद्या विणकराने तक्रार केली तर पेपरात तुमचंच नाव येईल, माझं नाही." बातमी रद्द झाली. दोन महिन्यांनी कामही गेलं, ते सोडा.

क्लायंटचं गुपित पोटात ठेवणं ही निष्ठा. त्याच्यासाठी खोटं बोलणं ही नव्हे. दर, नवा करार, घरातली भांडणं कोणाला सांगू नका, पण विचारलं तर 'यावर बोलणार नाही' म्हणा, थाप मारू नका. खरेपणाने धंदा बुडत नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत शिकागोत टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळलं, ७ माणसं गेली. औषध बनवणाऱ्या कंपनीने बाजारातल्या ३ कोटींहून अधिक बाटल्या परत मागवल्या, पत्रकारांपासून पळाली नाही. तोटा झाला, पण गिऱ्हाईक परत आलं.

आणि हो, तुमचा आक्षेप तोंडी नको, ईमेलवर नोंदवा. गावात पत्रकार मोजकेच. एकदा थापाड्या ठरलात की फोन उचलत नाहीत.