परदेशात मिशनच्या दौऱ्यावर असताना लुटले गेलो तर काय करावे? कोणाला असा अनुभव आहे का?

आपण विचारले आहे की, पुढच्या महिन्यात मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघाबरोबर पूर्व आफ्रिकेत सेवेसाठी जाताना लुटले जाण्याची भीती कितपत खरी मानावी, तसे झालेच तर आधी काय करावे, आणि परत आल्यावर ते मंडळीला सांगावे की आपल्यापुरते ठेवावे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला एकाच प्रसंगातून मिळाली, म्हणून आधी तो प्रसंगच सांगते.

ऑगस्ट २०१९ मध्ये नाशिकहून आम्ही सात जण केनियातील मोंबासाला गेलो होतो. तिथल्या एका मंडळीच्या संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी दहा दिवसांचे वर्ग घ्यायचे होते. तेहतीस वर्षे शाळेत शिकवून मी निवृत्त झाले असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले, आणि हिशेब चोख ठेवते असा लौकिक असल्यामुळे पथकाचे पैसेही माझ्याकडेच आले.

मोंबासाच का, हे थोडे सांगायला हवे, कारण नाशिककरांनाही ते सहसा ठाऊक नसते. आमच्या शरणपूर रोडला ज्या ख्रिस्ती वस्तीचे नाव आहे, ती चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसवली. गुलामांच्या गलबतांतून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांतील पुष्कळ जणांना शरणपूरला ठेवून लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. पुढे १८७४ मध्ये हेच प्राइस मोंबासाला गेले आणि मुक्त झालेल्या गुलामांसाठी तिथे फ्रीअरटाउन ही वस्ती उभी राहिली. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांचे. नाशिकला वाढलेली ती माणसे तिकडे शिक्षक, उपदेशक आणि कारागीर म्हणून गेली आणि ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणून ओळखली गेली. आमच्या आजोळच्या गोष्टींत कुठेही न आलेली ही हकिकत कळल्यापासून ती जागा पाहण्याची मला ओढ होती.

फ्रीअरटाउनची घंटा आजही मोंबासा बेटाच्या उत्तरेला, रहदारीच्या रस्त्यालगत उभी आहे. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की ती वाजवून वस्तीला सावध करीत, असे सांगतात. त्या भागाचे नावच केंगेलेनी आहे, कारण स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. आम्ही पोहोचल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी तिथे गेलो. त्यानंतर डॉलर बदलायला जायचे होते आणि तिथे पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून माझ्या कापडी पिशवीत त्या दिवशी पासपोर्ट, मंडळीचे ६४० डॉलर, मोबाइल, तिथल्या मंडळीचे निमंत्रणपत्र आणि वाचायचा चष्मा असे सगळे एकत्र होते. एरवी मी तसे करीत नाही, असे लिहिण्याचा मोह होतो. पण खरे सांगायचे तर आपण प्रभूच्या कामाला आलो आहोत, आपल्याला कोण हात लावणार, ही भावना मनाच्या कोपऱ्यात होतीच.

घंटेकडे मान वर करून मी उभी असताना मागून मोटरसायकल आली. तिकडे भाड्याच्या मोटरसायकलला बोडाबोडा म्हणतात आणि त्या रस्त्यावर अशा गाड्यांची रीघ असते, त्यामुळे मी मागे वळून पाहिलेही नाही. मागे बसलेल्याने पट्टा धरून ओढला, बक्कल तुटले, मी गुडघ्यावर पडले, आणि गाडी बाजाराच्या दिशेने निघून गेली. मला हे वाक्य लिहायला जितका वेळ लागला, त्याहून या सगळ्याला कमी वेळ लागला असेल. मी ओरडले, ‘‘चोर, चोर, धरा त्याला!’’ आणि ओरडले ते मराठीत. निघण्यापूर्वी पाठ केलेल्या चाळीस स्वाहिली शब्दांत चोराला ‘म्विझी’ म्हणतात हेही होते, पण त्या क्षणी तोंडातून आपलीच भाषा आली. आजूबाजूचे लोक थांबून माझ्याकडे पाहत राहिले. आमच्याबरोबर तिथल्या मंडळीतला एक तरुण शिक्षक होता. त्याने सर्व पाहिले होते, तरी तो एक शब्द बोलला नाही. फक्त मला उठवायला आला. मला त्याचा फार राग आला.

संध्याकाळी त्याने कारण सांगितले. तिकडे चौकात कोणी ‘म्विझी’ असे ओरडले की जमाव विचारपूस करीत बसत नाही. हाती लागलेल्याला दगडांनी, काठ्यांनी मारतात, आणि गळ्यात टायर घालून पेटवून दिल्याच्याही घटना घडलेल्या आहेत. त्याने लहानपणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी तसे होताना पाहिले होते. ‘‘मामा, तुमच्या पिशवीसाठी मला तो शब्द उच्चारता आला नसता,’’ एवढेच तो म्हणाला. (तिकडे वडीलधाऱ्या बाईला ‘मामा’ म्हणतात.) आपल्याकडेही चोर समजून, मुले पळवणारे समजून माणसे ठेचून मारली गेली आहेत. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांचे काय झाले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. त्यामुळे त्याचे म्हणणे मला समजावून घ्यावे लागले नाही. मात्र माझा विसरलेला शब्द त्या दोन पोरांच्या आणि मरणाच्या मध्ये उभा होता, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. गुडघ्याचे दुखणे हे निमित्त.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, पाठलाग करू नये, जमाव गोळा करू नये, झटापट तर मुळीच करू नये. बरोबरच्या स्थानिक माणसाकडे पाहावे आणि तो सांगेल तसे वागावे.

त्यानंतर पोलिसांकडे जावे, आणि त्याच दिवशी जावे. यावरून आमच्यात फूट पडली. पथकप्रमुखांचे म्हणणे होते की आपण क्षमेची सुवार्ता घेऊन आलो आहोत, तर तक्रार कसली नोंदवायची? दोघे तरुण तिथेच फुटपाथवर प्रार्थनेला उभे राहिले. मी त्यांना म्हटले की क्षमा मी आता या घटकेला करते, पण विमानतळावर क्षमा दाखवून कोणी विमानात बसवत नाही. हे माझे बोलणे काहींना उद्धट वाटले, आणि कदाचित ते होतेही. परंतु ज्याने लुटले त्याच्याविषयी मनात काय ठेवायचे आणि आपला पासपोर्ट कुठे गेला याची सरकारदरबारी नोंद करायची, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे माझे मत आजही बदललेले नाही.

केनियात पोलीस ठाण्यात तक्रार एका मोठ्या वहीत लिहून घेतात; तिला ऑकरन्स बुक म्हणतात आणि तिच्यातल्या नोंदीचा क्रमांक, म्हणजे ओबी नंबर, आपल्याला देतात. तेवढ्यावर समाधान मानू नये. त्यावरून तयार होणारा ‘पोलीस ॲबस्ट्रॅक्ट’ नावाचा शिक्क्याचा कागद मागून घ्यावा, कारण पुढे जिथे जाल तिथे तोच मागतात. ‘पासपोर्ट’ हा शब्द, त्याचा क्रमांक आणि ‘चोरी’ असा स्पष्ट उल्लेख त्यात आहे ना, हे वाचून पाहावे. माझ्या कागदावर आधी ‘हरवला’ असे लिहिले होते, ते मी जागीच बदलून घेतले. तुम्ही इथे काय करता, असेही ठाण्यात विचारतात. त्या देशात धर्मकार्यासाठी येणाऱ्यांकरिता परवान्याचा वेगळा वर्ग आहे आणि थोड्या दिवसांसाठी विशेष पासही मिळतो. आपल्या पथकाने पर्यटक म्हणून अर्ज करून प्रचाराला जायचे ठरवले असेल, तर ते आताच बदला. गुडघा फुटलेल्या अवस्थेत पोलिसांसमोर खोटे बोलणे फार अवघड जाते.

मोंबासात भारताचे सहायक उच्चायुक्तालय आहे, हे आमचे नशीब. नाहीतर नैरोबी गाठावे लागले असते. पासपोर्ट गेल्यावर तातडीने परतायचे असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात. ते फक्त भारतात परत येण्यापुरते असते, त्यावर दुसरीकडे कुठे जाता येत नाही, म्हणून परतीचा प्रवास शक्य तर थेट विमानाचा ठेवावा. पोलिसांचा कागद, पासपोर्टची झेरॉक्स, फोटो आणि तिकीट एवढे जवळ असल्याने माझे काम लवकर झाले. झेरॉक्स खरे तर आधी माझ्याजवळ नव्हतीच. ती घरी मुलाच्या ईमेलमध्ये होती, तिथून मागवली. प्रवेशाचा शिक्का पासपोर्टबरोबर गेल्यामुळे इमिग्रेशनच्या कार्यालयातही जावे लागले. तिथे ई-व्हिसाची छापील प्रत उपयोगी पडली, जी मी केवळ जुन्या सवयीने सुटकेसच्या तळाशी ठेवली होती.

एका गोष्टीकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. केनियातून परतताना भारतात पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड दाखवावे लागते. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. पुष्कळ जण ते कार्ड पासपोर्टच्याच कव्हरमध्ये खोचतात आणि दोन्ही एकदम जातात. नव्याने लस टोचून घेतली तरी तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य होते. माझे कार्ड वाचले, कारण ते कव्हरमध्ये मावत नव्हते म्हणून मी ते खोलीवर शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पानांत ठेवले होते. कोणी याला देवाची योजना म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण मग बाकीच्या पिशवीचे काय, असे विचारावे लागेल.

पैशांचे पुढे असे झाले. विम्यातून पासपोर्टचा खर्च मिळाला, रोख रक्कम मिळाली नाही. पण त्याआधी, चोरीनंतरच्या रविवारी, उपासना संपल्यावर तिथले पाळक, म्हणजे मंडळीचे पास्टर, एक पाकीट घेऊन आले. रविवारच्या अर्पणाखेरीज लोकांनी आपापल्या फोनवरून एम-पेसाने पैसे पाठवून वेगळी वर्गणी काढली होती. या नावातला पेसा म्हणजे आपलाच पैसा, हे मला त्याच आठवड्यात कळले होते. पाकिटात साडेसहा हजार शिलिंग होते, आपल्या सुमारे साडेचार हजार रुपयांइतके. त्यांतल्या कित्येकांच्या घरी पाण्याचा नळ नाही, हे मी पाहिले होते. मी हात जोडून नको म्हटले. पाळकांचा चेहरा उतरला. चोरी झाल्यापासून ते आमच्या नजरेला नजर देत नव्हते, जणू पिशवी त्यांनीच ओढली होती. शेवटी त्यांच्या पत्नीने पाकीट माझ्या हातात कोंबले आणि चहा घ्यायला चला म्हणाल्या. त्या दिवशीच्या चहातले आले आणि नारळाच्या दुधातली माहाम्री मला अजून आठवते. माहाम्री म्हणजे तिकडची तळलेली गोडसर पुरी.

आता तिसरा प्रश्न. मंडळीला सांगावे, आणि परतल्यावरच्या पहिल्याच रविवारी सांगावे. मला साक्ष द्यायला उभे केले तेव्हा लोकांना जी साक्ष ऐकायची होती, ती मला देता आली नाही: चोराला पश्चात्ताप झाला नव्हता, डॉलर चमत्काराने परत आले नव्हते, आणि गैरसावधपणा माझा होता. मी ते तसेच सांगितले. उपासनेनंतर एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले की बाई, असे बोलल्याने पुढच्या वेळी कोणी अर्पण देणार नाही. पंचांच्या सभेत तर एकाने, पैसे खरोखरच चोरीला गेले याला पुरावा काय, असे सरळ विचारले. तेव्हा ओबी नंबरचा तो कागद मी टेबलावर ठेवला आणि पथकप्रमुखांनी आधी माझ्याकडे, मग जमिनीकडे पाहिले. ६४० डॉलर म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे पंचेचाळीस हजार रुपये. ते मी हप्त्यांनी भरते म्हणाले. पंचांनी निम्मे घेतले आणि निम्मे सोडून दिले. पथकाचे पैसे एका माणसाच्या एका पिशवीत ठेवायचे नाहीत, असा ठराव त्याच सभेत झाला. तुमच्या संघातही निघण्यापूर्वी तो करून घ्या, आणि पैसे कोणाकोणाकडे किती आहेत ते वहीत लिहून वही घरी ठेवा.

राहता राहिली भीती. त्या दहा दिवसांतले उरलेले दिवस मी वर्ग घेतले, रस्त्याने चाललेही. फक्त मागून मोटरसायकल आली की भिंतीला चिकटत असे. नाशिकला आल्यावरही वर्षभर ते सुटले नाही. वर्गातल्या शिक्षकांना हे कळले होते, आणि रस्ता ओलांडताना त्यांच्यातली एक मुलगी न बोलता माझ्या रहदारीच्या बाजूला येऊन चालू लागे.

नोव्हेंबरमध्ये पाळकांचा निरोप आला. बाजारामागच्या कचऱ्यात एका भाजीवाल्या बाईला माझी पिशवी सापडली होती आणि आतल्या निमंत्रणपत्रावर पत्ता असल्याने तिने ती मंडळीच्या देवळात आणून दिली. डॉलर आणि मोबाइल अर्थातच नव्हते. मुंबईला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती त्यांनी ती पाठवून दिली. चोरीला गेल्याची नोंद झालेला पासपोर्ट रद्द होतो, तो पुन्हा वापरायचा नसतो, म्हणून मी तो पासपोर्ट कार्यालयात जमा केला. चष्म्याला एक चरा पडला आहे; हे उत्तर त्याच चष्म्याने लिहिले.