घरचं कार्य, हातची सजावट: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेला बारशापासून पंचाहत्तरीपर्यंतची पत्रं आली. त्यातली सहा निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं, कारण गच्चीवरचा वाढदिवस हा विषय बहुतेक पत्रांत होता.

मे महिन्यात लेकीचा पहिला वाढदिवस आहे. गच्चीवर 60 माणसं येतील, जंगलाची थीम हवी आहे. डेकोरेशनवाल्याने 12 हजार सांगितले. आमच्याकडे सजावटीला 3 हजार आहेत. जमेल का?
– एक आई, सेलू (जि. परभणी)

ताई, जमेल. पण अख्खी गच्ची सजवायचं डोक्यातून काढा. लेक जिथे बसणार आणि केक जिथे कापणार, ती 7 फुटांची एकच जागा सजवायची. फोटोत तेवढीच येते. बाकी कठड्यावरून दिव्यांच्या दोन माळा सोडल्या की झालं.

जागा कोणती, हे ऊन आणि वारा ठरवतात. जिन्याच्या खोलीची पूर्वेकडची भिंत सर्वात चांगली. दुपार कलली की तिथे सावली येते आणि पश्चिमेचा वारा भिंत अडवते. कार्यक्रम 7 च्या आधी ठेवू नका. त्याआधी पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं आणि स्लॅबवर पाय ठेववत नाही. आपल्याकडे मे महिन्यात गच्ची धुवायला पाणी कुठून आणणार? धुण्याचं निघालेलं पाणी दोन बादल्या ठेवून द्या, 5 वाजता बसायच्या जागेवर तेवढंच शिंपडा आणि सुकल्यावर सतरंजी टाका.

पडद्यासाठी चौकट भाड्याने आणू नका. प्लंबिंगच्या दुकानातून एक इंची पीव्हीसी पाइपच्या 10 फुटी तीन नळ्या घ्या. प्रत्येक नळीतून 7 फुटांचा एक आणि दीड फुटाचे दोन तुकडे कापून घ्या. 7 फुटांचे दोन तुकडे उभे आणि एक आडवा, वरच्या कोपऱ्यांना दोन एल्बो (काटकोनी जोड). खाली प्रत्येक खांबाला एक टी (तीन तोंडांचा जोड) लावून तिच्या दोन्ही तोंडांत दीड-दीड फुटाचे पाय घाला, एक पुढे आणि एक मागे. दोन तुकडे उरतील, ते राहू द्या. जोडाला सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) लावू नका, नुसतं दाबून बसवा. मग चौकट सुटी करून माळ्यावर टाकता येते, पुढे बारशाला नि हळदीलाही तीच चालते. पाऊण इंची पाइप स्वस्त पडतो, पण 7 फुटांत मधोमध वाकतो आणि फुगे लावले की आणखी झुकतो.

पडदा घरच्या साड्यांचा. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट. मधोमध दुमडून आडव्या पाइपवर टाकली की पुढे-मागे नऊ-नऊ फूट येते. पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास असतो, त्यामुळे तीन साड्यांत 7 फूट चुण्यांसकट छान भरतात. हिरव्या रंगाच्या दोन आणि मातकट किंवा पिवळी एक. टाचण्या नकोत, रेशमी साडीला भोकं पडतात. कपडे वाळत घालायचे चिमटे मागच्या बाजूने लावा. खालचं जास्तीचं कापड मागे वर घेऊन अडकवा आणि जमिनीपासून एक फूट मोकळा ठेवा. वारा तिथून निघून जातो. पडदा खाली बांधून टाकला की तो पालासारखा फुगतो आणि चौकटीसकट केकवर येतो. मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा वारा कधी सुटेल याचा नेम नसतो, म्हणून प्रत्येक पायावर वाळू भरलेला 5 लिटरचा कॅन ठेवा आणि वरचे दोन्ही कोपरे सुतळीने खिडकीच्या गजाला बांधा.

आता फुगे. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उतरणारी 8 फुटांची माळ पुरे. दाट दिसायला फुटाला 12 फुगे लागतात: 10 इंची 70 आणि 5 इंची 30. फुटतील म्हणून 15-20 जास्तीचे घ्या. 10 इंची फुगा 10 इंच फुगवू नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला 8 आणि 7 इंचांची दोन गोल भोकं पाडा, फुगा त्यातून जेमतेम जाईल इतकाच भरा. तोंडाकडे निमुळता, पेरूसारखा झाला की समजा हवा जास्त झाली. दोन फुग्यांची तोंडं एकमेकांना बांधून जोडी करा, दोन जोड्या पिळून चौकडी करा आणि चौकड्या सुतळीवर सरकवत जा. छोटे फुगे शेवटी, फटी बुजवायला.

फुगे आदल्या रात्री फुगवले तरी चालतात, पण रात्रभर खालच्या थंड खोलीत, चादरीच्या गाठोड्यात ठेवा. गच्चीवर 6 च्या आधी न्यायचे नाहीत. उन्हात आतली हवा प्रसरण पावते आणि रबराची चमक जाऊन ते मळकट दिसतं. गडद रंगाचे फुगे तर लवकरच फुटतात. फुटलेल्या फुग्याचा तुकडा वर्षाच्या बाळाने तोंडात घातला तर घशात अडकतो. तुकडे उचलायला एक मोठं पोरगं नेमून द्या.

जंगल पानांनी उभं राहतं, आणि पानं फुकट असतात. आंब्याचे डहाळे आणि अशोकाची पानं सकाळी तोडून ओल्या पोत्यात गुंडाळली तर रात्रीपर्यंत टवटवीत राहतात. कडुनिंब आणि शेवगा तासाभरात मान टाकतात. कण्हेर आणि रुई अजिबात आणू नका, दोन्ही विषारी आहेत आणि बाळ हाताला येईल ते तोंडात घालणार. वाघासाठी केशरी फुग्यांवर काळ्या मार्करने पट्टे ओढा. महागड्या कटआउटपेक्षा पोरांना तेच आवडतं.

भिंतीवर टेप चिकटतच नाही. लावलेलं सगळं सकाळी खाली पडलेलं असतं. चुन्याची भिंत आहे.
– एक वाचक, भोकरदन (जि. जालना)

चिकटणारही नाही. चुन्याची भुकटी सुटते आणि टेप त्या भुकटीला चिकटतो, भिंतीला नाही. खिडकीच्या गजापासून दाराच्या वरच्या खिळ्यापर्यंत ताणून सुतळी बांधा आणि सगळं तिच्यावर टांगा. पत्र्याचं घर असेल तर लोखंडी अँगलला चुंबकाचे हुक लावा. डिस्टेंपरची भिंत असेल तर कागदी टेप वापरा. दुहेरी टेपने रंगाचे पापुद्रे निघतात आणि मग रंगाऱ्याचा खर्च सजावटीहून जड जातो.

बाळाचं नाव थर्माकोलमध्ये कापून लावायचं आहे. दुकानदार म्हणतो आता मिळत नाही. खरं आहे का?
– एक आत्या, अंबाजोगाई (जि. बीड)

खरं आहे. राज्यात 2018 पासून निर्बंध आहेतच. 1 जुलै 2022 पासून देशभर सजावटीचं थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, प्लास्टिकच्या ताटल्या, ग्लास, चमचे आणि 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर बंद आहेत.

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, तो थर्माकोलपेक्षा बरा दिसतो. मात्र इंग्रजी अक्षरांसारखी मराठी अक्षरं एकेक सुटी कापून टांगू नका. वाऱ्याने फिरतात आणि नाव वाचताच येत नाही. आधी 2 इंच रुंदीची शिरोरेषेची पट्टी कापा, नावाच्या लांबीएवढी सलग. अक्षरांचं अंग 8 इंच उंच ठेवा आणि ती पट्टीच्या मागून, खाली लोंबतील अशी फेव्हिकॉलने चिकटवा. वेलांटी, मात्रा आणि रफार वर जातात, त्यासाठी पट्टीच्या वर 4 इंच जागा सोडा. उकार खाली येतात, तिकडे 3 इंच. घाईत हेच विसरतं आणि वेलांटी पडद्याच्या काठात अडकते. मागे एक बांबूची काडी बांधली की पट्टी वाकत नाही आणि नाव सरळ राहतं. अक्षरांवर जुन्या साडीचा जरीकाठ चिकटवला तर रंगाचा खर्चही वाचतो.

सुनेचं डोहाळजेवण घरीच करणार आहोत. झेंडू किती किलो आणू? झोपाळा भाड्याने घ्यावा का?
– एक सासूबाई, वसमत (जि. हिंगोली)

मध्यम आकाराची 100 ते 120 फुलं किलोत बसतात. नुसत्या झेंडूची गच्च माळ ओवली तर फुटाला 10 फुलं जातात, म्हणजे किलोत 10 ते 12 फूट. दोन फुलांमध्ये आंब्याचं पान घातलं तर तेवढ्याच फुलांत जवळपास दीडपट लांबी होते, आणि दिसतेही छान. दार, खुर्ची आणि मागची माळ मिळून 3 किलो पुरतील. दसरा-दिवाळीच्या तोंडावर कार्य असेल तर भाव कडाडतात. तेव्हा झेंडू फक्त खुर्चीला लावा आणि दाराला नुसतं आंब्याचं तोरण बांधा.

ओवलेल्या माळांवर पाणी मारून त्या ढिगात ठेवू नका. आतली फुलं गरम होऊन सकाळपर्यंत काळी पडतात. ओल्या सुती फडक्यावर पसरा. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून तर मुळीच ठेवायच्या नाहीत.

झोपाळ्याबद्दल स्पष्टच सांगतो: भाड्याचा नको. छताच्या कडीचं वजन कुणी तपासत नाही आणि स्टँडचा झोपाळा लहान खोलीत मागे पडद्याला घासतो. हात असलेली भक्कम लाकडी खुर्ची घ्या, पाठीला चंद्रकोर लावा आणि बाजूच्या खांबांना माळा गुंडाळा. सूनबाईंना तासभर टेकून बसता येईल, ही सजावटीपेक्षा मोठी सोय. फुलांचे दागिने शेवंतीचे करा, झेंडूने जड होतात. माळेच्या मागे सुती नाडी शिवली म्हणजे मानेला टोचत नाही. बंद खोलीत निशिगंधाचा ढीग लावू नका, त्या दिवसांत वासाने मळमळतं.

वडिलांची पंचाहत्तरी डिसेंबरात शेतातल्या घरी करायची आहे. वेळ अमावस्येसारखी (मार्गशीर्ष अमावस्येचा आपला शेतातला सण) सजावट करावी असं भावंडांच्या मनात आहे. 75 दिव्यांनी ओवाळायचं कसं?
– एक मुलगा, औसा (जि. लातूर)

दादा, ही थीम आम्हाला फार आवडली. दुकानातून आणावं लागतं असं यात काही नाही. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप (खोपट) बांधता, तसाच वडिलांच्या खुर्चीमागे बांधा, मात्र बसायला पुढून सहा फूट मोकळे ठेवा. दोन्ही बाजूंना अंबिलाची मडकी, घोंगडी, बैलांच्या घुंगुरमाळा, सूप आणि जुनी तिफण (पेरणीचं अवजार) असेल तर तीही. जेवणात भज्जी, उंडे (ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे) आणि अंबील असेलच. कागदी झिरमिळ्यांचं एकही तोरण लावू नका, सगळी मजा जाईल.

आता दिवे. वाळला कडबा आणि 75 ज्योती एका जागी आल्या की घात ठरलेला. ओवाळणं कोपापासून किमान 15 फूट लांब, अंगणात करा. वडिलांची खुर्ची तेवढ्यापुरती तिकडे न्या.

75 पणत्या एका ताटात मावत नाहीत आणि ते ताट उचलवतही नाही. तीन मोठ्या पराती घ्या, प्रत्येकीत बोटभर वाळू पसरा आणि 25-25 दिवे बसवा. वाळूने पणत्या घसरत नाहीत आणि परातीला चटका बसत नाही. पराती चौरंगावरच राहू द्या. हातात फक्त 5 दिव्यांचं तबक घेऊन ओवाळा. लहान पणतीत 10 मिली तेल धरलं तर पाऊण लिटर तेल लागेल. वाती अर्धा तास आधी तेलात भिजवून ठेवा. कोरड्या वाती नुसत्या जळून काजळतात आणि विझतात, मग 75 मोजताना गोंधळ उडतो. दिवे पेटवताना पलीकडच्या कडेपासून आपल्याकडे या. जवळचे आधी पेटवले तर पुढे वाकताना पदर त्यावरून जातो. ओवाळणारीने पदर खोचूनच उभं राहावं. डिसेंबरात तूप गोठतं, म्हणून तेलच बरं. वारा असेल तर तो येतो त्या बाजूला एक बाज उभी करून तिच्यावर घोंगडी टाका. जवळ पाण्याच्या दोन बादल्या आणि ओलं पोतं हवंच.

गॅसचे फुगे छताला लावले तर छान दिसतात. जत्रेतला फुगेवाला स्वस्तात भरून देतो. घ्यावेत का?
– एक मामा, देगलूर (जि. नांदेड)

नाही. स्वस्तातल्या फुग्यांत बहुधा हायड्रोजन असतो आणि केकवरची एक मेणबत्ती त्याला पेटायला पुरते. हेलियम पेटत नाही, पण महाग पडतो आणि साध्या रबरी फुग्यातून रात्रीत निघून जातो. साधे फुगे दोऱ्याने छताच्या हुकांना उलटे टांगा. हौस तीच भागते, भाचरांच्या भुवयाही शाबूत राहतात.