इतिहास घ्यायचा की सायन्स? देवगडच्या एका ताईंना उत्तर

पत्र: सर, आम्ही देवगड तालुक्यात खाडीजवळ राहतो, मिस्टरांची छोटी होडी आहे. मुलगी यंदा दहावी झाली. ओहोटी लागली की सासूबाईंबरोबर कालवं काढायला जाते ती तिथेच रमते, वहीत काय काय लिहीत बसते. किल्ल्याचं पण तेवढंच वेड. तिला आर्ट्सला जाऊन इतिहास घ्यायचाय, घरचे म्हणतात सायन्स घे आणि नर्सिंग कर. समुद्राचं शिकून पोट भरतं का हो? तिच्या वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवलेत.

ताई, खरं सांगू का, पत्र बाजूला ठेवून मी आधी ते फोटोच बघत बसलो. एका पानावर लिहिलंय, द्वितीया, सकाळी साडेसातला पाणी सगळ्यात खाली, डबक्यात शंखातला खेकडा, दुसऱ्या मोठ्या शंखाला पायांनी चाचपत होता, मग झटकन जुन्यातून निघून नव्यात शिरला, मागचा भाग मऊ आणि वाकडा. खाली छोटं चित्र. आणि कोपऱ्यात आजीचा हिशोब, तिथीची पाऊणकी कर, दोनाची दीड, म्हणजे दीडला भरती, आणि सहा तास आधी ओहोटी.

हा हिशोब तुमच्याकडे सगळ्यांना येतो म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण बघा, चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती पण तेवढीच पुढे सरकते, आजी ते पाऊण तास धरतात आणि ते बरोबर येतं. मी किनाऱ्यावरच्या शाळेत बरीच वर्षं शिकवलं, खिडकीतून समुद्राचा आवाज यायचा आणि मी फळ्यावर चंद्र-पृथ्वीची आकृती काढून भरती-ओहोटी शिकवायचो, आणि पेपरात एखाद्या पोराने उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती), भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती), पाऊणकी असं आपल्या भाषेत लिहिलं की पुस्तकातलं नाही म्हणून मार्क कापायचो. ते मला अजून लागून राहिलंय. त्या पोरांना येत होतं, मलाच वाचता येत नव्हतं. म्हणून तुमच्या लेकीची वही मला एवढी मोलाची वाटते.

आता इतिहास. तिला वाटतं की किल्ला एकीकडे आणि समुद्र दुसरीकडे, दोघांतलं एक सोडावं लागणार. तसं नाहीये. विजयदुर्ग तुमच्याच तालुक्यात, तिथून जवळ गिर्ये गावात वाघोटन खाडीच्या काठाला मराठा आरमाराची जुनी गोदी आहे, कातळ खोदून केलेली, तिला एकदा दाखवून आणा. भरतीचं गणित माहीत असल्याशिवाय अशी गोदी कुणी बांधूच शकत नाही, गलबतं आत घ्यायची ती भरतीच्या पाण्यावर. आणि विजयदुर्गपासून साधारण 100 किलोमीटर आत समुद्रात पाण्याखाली प्रवाळांचं एक मोठं पठार आहे, त्याचं नाव आंग्रिया बँक, मराठा आरमाराचे सरखेल म्हणजे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्यावरून पडलेलं. सरखेलांचं नाव प्रवाळांना! रत्नागिरीकडच्या कातळशिल्पांत पण मासे कोरलेत, हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी ते कोरले त्यांना समुद्र चांगलाच ओळखीचा असणार.

तर माझं मत स्पष्ट सांगतो, अकरावीला सायन्स घेऊ दे आणि बायोलॉजी अजिबात सोडू नका. कारण साधं आहे. पुरातत्त्वाचं एमए, पुण्याच्या डेक्कन कॉलेजला वगैरे, कुठल्याही शाखेची पदवी घेऊन करता येतं, म्हणजे इतिहासाचं दार पुढेही उघडं राहतं. उलट आर्ट्स घेऊन नंतर समुद्री जीवशास्त्राकडे येणं फार अवघड. बारावीनंतर रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, तिथे बीएफएससी, म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी, चार वर्षं, त्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचा. नाहीतर झूलॉजी घेऊन बीएससी. पुढे मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, एमएफएससी आणि पीएचडीसाठी, आणि गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था, जिथे समुद्रातले जीवही अभ्यासतात आणि बुडालेली जहाजं, जुनी बंदरंही. तुमच्या मुलीची दोन्ही वेडं एका इमारतीत.

पोट भरतं का? भरतं, पण लगेच नाही, आणि हे मी गोड करून सांगणार नाही. बीएफएससीनंतर मत्स्यव्यवसाय खात्याच्या परीक्षा, बँका, कोळंबी प्रकल्प, मासळी प्रक्रियेचे कारखाने असे रस्ते आहेत. संशोधनात जायचं तर एमएससी, पीएचडी धरून आठ-दहा वर्षं जातात, मधे फेलोशिप मिळाली तर घरावर भार कमी. नर्सिंगमधे पगार लवकर सुरू होतो हे घरच्यांचं म्हणणं खोटं नाही, पण ज्या मुलीला त्यात रस नाही तिला ढकलू नका, ते काम मन असल्याशिवाय होत नाही. आणि घरात पैशाची खूपच ओढ असेल तर तेही तिच्याशी मोकळेपणाने बोला, मोठी झालीय ती.

वही मात्र बंद पडू देऊ नका. तारीख, तिथी, वेळ, जागा चारही गोष्टी प्रत्येक पानावर हव्यात, आणि माशाचं नाव तुमच्या बोलीतलंच आधी लिहायचं, शास्त्रीय नाव नंतर शोधता येतं. आजी, मिस्टर जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं, पूर्वी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, काय लागायचं, कुठली मासळी कमी झाली, कुठल्या खडकाला काय नाव आणि का. जिवंत काही घरी आणायचं नाही, उचललेला दगड परत तसाच ठेवायचा.

येत्या अमावास्येला सकाळी सहाच्या सुमाराला पाणी खूप आत जाईल, पावसाळा नसेल आणि समुद्र शांत असेल तर आजीबरोबर पाठवा, एकटी नको, आणि पाणी वळायच्या आत खडकावरून परत. त्या दिवशीचं पान मला पाठवा, वाट बघतो.